एम-प्रथिनाची तपासणी: खानदेशातील रुग्णांच्या घरच्यांसाठी टप्प्याटप्प्याने माहिती

कंबरदुखी महिनोन्‌महिने थांबत नाही, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढत नाही, आणि मग एक दिवस डॉक्टर चिठ्ठीवर ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ असा शब्द लिहून देतात. तेथून पुढे काय करायचे, कोणत्या लॅबमध्ये जायचे, रक्त किती द्यायचे, आलेल्या रिपोर्टमधील आलेखाचा अर्थ काय, हे नीट बसवून सांगणारे कोणी तालुक्याच्या गावी सहसा भेटत नाही. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात आमच्या कुटुंबाला हा सगळा मार्ग चालावा लागला, आणि त्या काळात जी माहिती तुकड्यातुकड्यांनी गोळा झाली ती एका जागी मांडावी, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे. निदान आणि औषधोपचार हे डॉक्टरांचेच काम आहे. मात्र योग्य नमुना योग्य लॅबपर्यंत पोहोचविणे आणि प्रत्येक कागद जपून ठेवणे हे घरच्यांचे काम आहे, आणि त्यात ढिलाई झाली तर निदान आठवडेच्या आठवडे लांबते.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडांच्या मगजातील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग, आणि त्यासारख्या आजारांत कोणत्याही एका तपासणीवर विसंबता येत नाही. रक्ताचे प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातील प्रथिने विजेच्या साह्याने वेगळी करून आलेखात दाखविणारी तपासणी), इम्युनोफिक्सेशन आणि फ्री लाइट चेन या तिन्ही तपासण्या शेजारी ठेवून वाचल्या तरच चित्र स्पष्ट होते.

१. शोधायचे काय आहे, ते आधी समजून घ्या

हाडांच्या मगजात प्लाझ्मा पेशी असतात आणि त्या रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडी, तयार करतात. प्रत्येक प्रतिपिंडात दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या साखळ्या असतात. जड साखळीवरून त्याचा प्रकार ठरतो: आयजीजी, आयजीए, आयजीएम, आयजीडी किंवा आयजीई. हलकी साखळी मात्र कप्पा किंवा लॅम्डा या दोनच प्रकारांची असते; प्रतिपिंडाला न जोडता रक्तात सुटी फिरणारी हलकी साखळी म्हणजेच फ्री लाइट चेन. निरोगी माणसाच्या रक्तात हजारो प्रकारची प्रतिपिंडे मिसळलेली असतात. एखाद्या प्लाझ्मा पेशीचाच वंश बेसुमार वाढला, तर त्या सगळ्या पेशी हुबेहूब एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवू लागतात आणि ते रक्तात साचते. यालाच एम-प्रथिन म्हणतात. रिपोर्टमध्ये ते ‘एम बँड’ किंवा ‘एम स्पाइक’ या नावाने दिसते.

एम-प्रथिन सापडले म्हणजे कर्करोग झालाच, असे नाही. पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या रक्तात ते थोड्या प्रमाणात, कोणताही त्रास न देता असते. या अवस्थेला एमगस म्हणतात आणि त्यातून दरवर्षी साधारण १ टक्का लोकांनाच पुढे मायलोमा किंवा तत्सम आजार होतो. मल्टिपल मायलोमा, वाल्डेनस्ट्रॉम (आयजीएम बनविणाऱ्या पेशींचा कर्करोग) आणि एएल अमायलॉइडोसिस (हलक्या साखळ्या अवयवांत साचण्याचा आजार) हे मात्र उपचार लागणारे आजार आहेत. त्यांच्यातील फरक ओळखण्यासाठीच पुढच्या तपासण्या असतात.

२. साध्या रिपोर्टमधील खुणा ओळखा

महागड्या तपासणीआधी हातात असलेले कागद पाहा. टोटल प्रोटीन आणि अल्ब्युमिन हे आकडे बहुतेक प्रत्येक लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये असतात. पहिल्यातून दुसरा वजा केला की ग्लोब्युलिन मिळते, आणि ते सर्वसाधारणपणे डेसिलिटरला २ ते ३.५ ग्रॅमच्या आसपास असते. समजा टोटल प्रोटीन ९.८ आणि अल्ब्युमिन ३ असेल, तर ग्लोब्युलिन ६.८ भरते. अशा वेळी हा आकडा डॉक्टरांच्या नजरेस आवर्जून आणून द्यावा. ईएसआर खूप वाढलेला असणे, क्रिएटिनिन चढलेले असणे, कॅल्शियम जास्त असणे, न्यूमोनियासारखे संसर्ग पुनःपुन्हा होणे आणि मणका दबणे याही खुणाच आहेत.

येथे दोन धोके सांगणे भाग आहे. पहिला धोका क्षयाच्या संशयाचा. आपल्या भागात मणक्याचा क्षय अनेकदा आढळतो, त्यामुळे दबलेला मणका पाहून आधी त्याचाच विचार होणे स्वाभाविक आहे. परंतु वयस्कर रुग्णात मणका दबलेला असून सोबत हिमोग्लोबिनही कमी असेल, तर क्षयाची औषधे सुरू होण्यापूर्वी मणक्याच्या तुकड्याची तपासणी आणि प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस या दोन्हींविषयी विचारावे. दुसरा धोका वेदनाशामक गोळ्यांचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. शेतात वाकून काम करणारा माणूस कंबर दुखली की मेडिकलवरून डायक्लोफिनॅक किंवा तशीच एखादी गोळी आणतो आणि महिनोन्‌महिने घेत राहतो. मायलोमात हलक्या साखळ्या मूत्रपिंडात अडकून आधीच इजा करत असतात, त्यात या गोळ्यांची भर पडली तर मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढतो. निदान होईपर्यंत डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी एकही गोळी देऊ नका. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या त्रासामुळे डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेले नसेल तर पाणी भरपूर पाजा, आणि सीटी स्कॅनसाठी शिरेतून डाय देण्याची वेळ आली तर मूत्रपिंडाचा रिपोर्ट आधी दाखवा.

३. चिठ्ठीवर तपासणीचे पूर्ण नाव लिहून घ्या

खानदेशात ही सूचना विशेष महत्त्वाची आहे. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत भिल्ल व पावरा समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्यामुळे येथील लॅबमध्ये इलेक्ट्रोफोरेसिस म्हटले की हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस डोळ्यांपुढे येते. ती तपासणी तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनचा प्रकार सांगते. एम-प्रथिनाविषयी ती काहीही सांगत नाही. चिठ्ठीवर नुसते ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ असेल आणि रुग्ण फिकट दिसत असेल, तर चुकीची तपासणी होण्याची शक्यता खरी आहे.

ओळखण्याची सोपी खूण अशी, की हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिससाठी जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतात. आपल्याला हवी असलेली तपासणी सीरमवर, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पातळ भागावर होते, आणि सीरमसाठी लाल किंवा पिवळ्या टोपणाची नळी लागते. रक्त घेणाऱ्याने केवळ जांभळी नळी हाती घेतली, तर सुई टोचण्यापूर्वीच नम्रपणे विचारा.

डॉक्टरांकडून चिठ्ठीवर पुढील नावे स्वतंत्रपणे लिहून घ्यावीत: सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, सीरम इम्युनोफिक्सेशन, सीरम फ्री लाइट चेन कप्पा-लॅम्डा गुणोत्तरासह, आयजीजी-आयजीए-आयजीएमचे प्रमाण, आणि आवश्यकतेनुसार चोवीस तासांच्या लघवीचे इलेक्ट्रोफोरेसिस व इम्युनोफिक्सेशन. सोबत सीबीसी, कॅल्शियम, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, एलडीएच आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन असते. काही लॅब ‘मायलोमा प्रोफाइल’ या नावाने संच देतात. त्यात नेमके काय आहे हे विचारूनच पैसे भरा, कारण एका संचात फ्री लाइट चेन असते तर दुसऱ्यात नसते.

४. नमुना देताना

जळगाव, धुळे, भुसावळ, शहादा अशा ठिकाणी बहुतेक मोठ्या लॅबची कलेक्शन सेंटर आहेत. रक्त तेथे घेतले जाते आणि या विशेष तपासण्यांसाठी ते मुंबई-पुण्याकडे रवाना होते. म्हणून रक्त देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: नमुन्यातून सीरम येथेच वेगळे करणार का, आणि तो थंड ठेवून आज रवाना होणार का? मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत सकाळी लवकर रक्त देणे केव्हाही चांगले. नमुन्यात तांबड्या पेशी फुटल्या, तर हिमोग्लोबिन सीरममध्ये उतरते आणि आलेखात एक खोटा पट्टा उमटू शकतो. रक्त पूर्ण गोठण्याआधीच सीरम वेगळे केले किंवा सीरमऐवजी प्लाझ्मा (न गोठविलेल्या रक्ताचा पातळ भाग) वापरला, तर फायब्रिनोजेनचा पट्टा बीटा आणि गॅमा यांच्या मधोमध दिसतो आणि तोही एम बँडसारखाच भासतो. इम्युनोफिक्सेशन केल्यावर असे खोटे पट्टे उघडे पडतात, हे ती तपासणी न वगळण्याचे एक कारण आहे.

उपाशीपोटी असणे सक्तीचे नसले तरी सीरम दुधाळ होऊ नये म्हणून सकाळी काही न खाता गेलेले बरे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड सुरू करण्याआधी नमुना द्या. कंबरदुखीसाठी आधीच अशी गोळी किंवा इंजेक्शन दिले गेले असेल, तर ते तारखेसह लॅबच्या फॉर्मवर आणि डॉक्टरांच्या कागदावर लिहून घ्या, कारण स्टेरॉइडमुळे एम-प्रथिनाचा आकडा खाली येऊ शकतो आणि मूळची पातळी मग कधीच कळत नाही.

५. चोवीस तासांची लघवी गोळा करणे

रिपोर्ट बिघडण्याचे प्रमाण मला या टप्प्यावर सर्वाधिक वाटते, आणि त्याचे कारण एवढेच की घरी गोळा करण्याची पद्धत कोणी नीट सांगत नाही. लॅबमधून मोठा कॅन आणा; घरातील धुतलेली बाटली किंवा शीतपेयाची बाटली वापरू नका. ठरलेल्या दिवशी सकाळी, समजा सहा वाजता, पहिली लघवी संडासात जाऊ द्या आणि घड्याळ पाहून वेळ लिहा. त्यानंतर दिवसभराची आणि रात्रीची प्रत्येक लघवी कॅनमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजताची लघवी मात्र कॅनमध्ये घ्यायची आणि तेथे थांबायचे. मधली एक जरी लघवी सांडली किंवा शेताकडे गेल्यावर बाहेर झाली, तर मोजमाप चुकते. अशा वेळी ‘थोडेसेच गेले’ म्हणून तसाच कॅन देण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी.

कॅन फ्रिजमध्ये, किंवा तो नसेल तर बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या डब्यात ठेवा. वडीलधाऱ्यांना आणि विशेषतः घरातील बायांना या गोष्टीचा संकोच वाटतो. फॉर्मवरची भाषा वाचून दाखविण्याऐवजी घरच्या अहिराणीत शांतपणे समजावून सांगितले तर सहकार्य मिळते. कॅन भांड्यांच्या शेजारी न ठेवता वेगळ्या कोपऱ्यात, झाकून ठेवला की त्यांचाही जीव शांत राहतो.

आणखी एक लक्षात ठेवा. साध्या लघवीच्या तपासणीत वापरली जाणारी पट्टी मुख्यत्वे अल्ब्युमिन पकडते. हलक्या साखळ्या, ज्यांना बेन्स-जोन्स प्रथिने म्हणतात, त्या पट्टीवर दिसत नाहीत. त्यामुळे लघवीत प्रोटीन ‘निल’ आले म्हणजे मूत्रपिंड सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढू नये.

६. रिपोर्ट हातात आल्यावर

विशेष तपासण्या लॅब रोज करत नाही, नमुने साठवून ठरावीक दिवशी करते, म्हणून रिपोर्टला काही दिवस लागतात. तिन्ही रिपोर्ट हाती आल्यावरच डॉक्टरांची वेळ घ्या.

इलेक्ट्रोफोरेसिसच्या आलेखात सर्वांत उंच शिखर अल्ब्युमिनचे असते, त्यानंतर अल्फा-१, अल्फा-२, बीटा आणि शेवटी गॅमा असे भाग येतात. गॅमाच्या भागात पसरट फुगवटा असेल, तर अनेक प्रकारची प्रतिपिंडे एकाच वेळी वाढलेली आहेत. जुनाट संसर्ग, यकृताचे आजार, संधिवात यांत असे होते आणि त्याला पॉलिक्लोनल म्हणतात. तोच उंचवटा देवळाच्या शिखरासारखा अरुंद आणि टोकदार असेल, तर तो एम स्पाइक. त्याखाली त्याचे प्रमाण ग्रॅममध्ये छापलेले असते. आयजीए प्रकारचे एम-प्रथिन कधीकधी बीटाच्या भागात लपते, म्हणून गॅमा भाग सपाट दिसला तरी आयजीएचा आकडा पाहावा.

इम्युनोफिक्सेशन हे एम-प्रथिन कोणत्या जातीचे ते सांगते, उदाहरणार्थ ‘आयजीजी कप्पा’. त्यात प्रमाण नसते, फक्त ओळख असते. परंतु इलेक्ट्रोफोरेसिसला न दिसणारे अगदी थोडे प्रथिनही ते पकडते.

फ्री लाइट चेनच्या सर्वाधिक प्रचलित पद्धतीत कप्पा लिटरला ३.३ ते १९.४ मिलिग्रॅम, लॅम्डा ५.७ ते २६.३ मिलिग्रॅम आणि दोहोंचे गुणोत्तर ०.२६ ते १.६५ हे प्रमाण सामान्य मानले जाते. मूत्रपिंड कमजोर असेल तर दोन्ही आकडे वाढतात आणि गुणोत्तर ३.१ पर्यंत जाऊ शकते, त्यामुळे क्रिएटिनिन न पाहता या रिपोर्टचा अर्थ लावू नये. मायलोमाच्या १५ ते २० टक्के रुग्णांत पूर्ण प्रतिपिंड तयारच होत नाही, फक्त हलक्या साखळ्या तयार होतात. अशा रुग्णाचे इलेक्ट्रोफोरेसिस ‘एम बँड आढळला नाही’ असे येऊ शकते, आणि घरचे आनंदाने फाइल बंद करतात. आलेखातील गॅमाचा भाग असायला हवा त्याहून बराच खाली गेलेला असेल, तर ती सावध होण्याची खूण आहे.

एककांकडे बारकाईने पाहा. एक लॅब एम-प्रथिन डेसिलिटरला ३ ग्रॅम लिहिते, दुसरी तेच लिटरला ३० ग्रॅम लिहिते. फ्री लाइट चेनमध्येही लिटर आणि डेसिलिटर यांमुळे आकडा दहापट वेगळा दिसतो, आणि विनाकारण घबराट किंवा खोटा दिलासा निर्माण होतो.

निदानासाठी २०१४ साली आंतरराष्ट्रीय मायलोमा कार्यगटाने ठरविलेले निकष वापरले जातात. एम-प्रथिन डेसिलिटरला ३ ग्रॅमहून कमी, मगजात प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांहून कमी आणि अवयवांना इजा नाही, अशी स्थिती असेल तर तो एमगस. प्लाझ्मा पेशी १० टक्के किंवा अधिक असून त्यासोबत कॅल्शियम ११ मिलिग्रॅमहून जास्त, क्रिएटिनिन २ मिलिग्रॅमहून जास्त, हिमोग्लोबिन १० ग्रॅमहून कमी किंवा हाडांत पोखरल्याचे डाग, यांपैकी काही या आजारामुळेच झालेले असेल तर तो मायलोमा ठरतो. प्लाझ्मा पेशी ६० टक्के किंवा अधिक असणे, वाढलेल्या आणि न वाढलेल्या साखळीचे गुणोत्तर १०० किंवा अधिक असणे, अथवा एमआरआयमध्ये एकाहून अधिक ठळक डाग दिसणे, यांपैकी एक गोष्ट असली तरी अवयवांना इजा होण्याची वाट न पाहता उपचार सुरू करतात. हे आकडे तुम्हाला प्रश्न नीट विचारता यावेत म्हणून दिले आहेत. घरी बसून निदान करण्यासाठी नव्हे.

७. बोन मॅरोची तयारी

बोन मॅरोची, म्हणजे हाडांच्या मगजाची, तपासणी कमरेच्या मागील हाडातून, जागा बधिर करून केली जाते. मणक्यातून पाणी काढण्याशी तिचा संबंध नाही आणि तिच्यामुळे पाय लुळे पडत नाहीत. गावाकडे पसरलेली ही भीती रुग्णाला स्पष्ट शब्दांत समजावून दूर करावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

एकाच वेळी मगजाचे पाणी, हाडाचा लहान तुकडा आणि फिश (पेशींच्या गुणसूत्रांतील बदल शोधणाऱ्या) तपासणीचा नमुना घेणार का, हे आधी विचारा. फिशमधून गुणसूत्राचा १७पी हा भाग नाहीसा होणे किंवा ४ आणि १४ या गुणसूत्रांची अदलाबदल असे जोखमीचे बदल कळतात आणि त्यावर उपचारांची दिशा अवलंबून असते. तो नमुना राहिला तर पुन्हा सुई टोचावी लागते. फिशसाठी पेशी ताज्या लागतात. नमुना बाहेरगावी पाठविणार असतील तर शनिवारी ही तपासणी ठेवू नका. सोबत संपूर्ण शरीराचा लो-डोस सीटी किंवा पेट सीटी सांगितला जातो, कारण साध्या एक्स-रेमध्ये हाड बरेच झिजल्यावरच डाग दिसतो.

८. कागदपत्रे आणि मोठ्या रुग्णालयात जाण्याची तयारी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. प्राथमिक तपासण्या आणि सल्ला तेथून सुरू करता येतो. पुढे अनेक कुटुंबे मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलला जातात. निघताना फाइलमध्ये हे असू द्या:

– रुग्णाचे आधार कार्ड आणि रेशन कार्ड, मूळ व झेरॉक्स
– पाठविणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी
– सर्व रक्त-लघवीचे रिपोर्ट, तारखेच्या क्रमाने, इलेक्ट्रोफोरेसिसच्या आलेखासह
– बोन मॅरोच्या काचपट्ट्या आणि पॅराफिन ब्लॉक
– एक्स-रे, एमआरआय, सीटी यांच्या फिल्म आणि सीडी
– चालू औषधांची यादी, विशेषतः स्टेरॉइड आणि वेदनाशामक कधी घेतले ते

काचपट्ट्या आणि ब्लॉक हे लोक हमखास मागे ठेवून जातात. नवे रुग्णालय केवळ छापील रिपोर्टवर समाधान मानत नाही, पट्ट्या स्वतः तपासते. लॅबकडून त्या लेखी अर्ज देऊन मिळतात, पण त्याला एखादा दिवस लागतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मंजुरी सहसा उपचाराच्या पॅकेजला मिळते. बाहेरच्या लॅबमध्ये आधी केलेल्या तपासण्यांचा खर्च त्यात बसेल असे गृहीत धरू नका, रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी भेटा. कर्करोगाचे निदान झाल्यावर रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र घ्यावे लागते.

९. पुढच्या काळातील तपासण्या

पहिली तपासणी ज्या लॅबमध्ये झाली, पुढच्या सर्व तपासण्याही तेथेच करा. पद्धत बदलली की आकडा बदलतो. सासऱ्यांच्या बाबतीत एकदा सोयीचे म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिले गेले आणि आकडा वाढलेला आला. आजार उलटला की काय या काळजीने घर हादरले, आणि जुन्या लॅबमध्ये पुन्हा तपासल्यावर तो पूर्वीइतकाच निघाला.

फ्री लाइट चेन रक्तातून काही तासांतच नाहीशा होतात, तर आयजीजी साधारण तीन आठवडे टिकून निम्मे होते. म्हणून उपचारानंतर पहिली सुधारणा लाइट चेनमध्ये दिसते आणि एम स्पाइक सावकाश उतरतो. पहिल्या महिन्यात स्पाइक फारसा हलला नाही म्हणून धीर सोडू नये. एम-प्रथिन निम्मे किंवा त्याहून कमी झाले तर आंशिक आणि ९० टक्के किंवा अधिक घटले तर फार चांगला आंशिक प्रतिसाद मानतात.

डाराट्युमुमॅब हे औषध सुरू होणार असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. ते स्वतःच आयजीजी कप्पा प्रकारचे प्रतिपिंड असल्यामुळे इम्युनोफिक्सेशनमध्ये त्याचा बारीक पट्टा दिसू शकतो, म्हणून लॅबला औषधाचे नाव कळवा. शिवाय ते तांबड्या पेशींना चिकटत असल्याने रक्त चढविण्यापूर्वीच्या जुळणीत अडथळा येतो. पहिला डोस देण्याआधी रक्तगट आणि अँटिबॉडी स्क्रीनिंग करून घ्या, तो रिपोर्ट फाइलच्या पहिल्या पानावर लावा आणि धुळ्यात किंवा जळगावला तातडीने रक्त लागले तर रक्तपेढीला सर्वप्रथम तोच दाखवा.

एमगसचे निदान झालेल्यांनी पहिली फेरतपासणी सहा महिन्यांनी आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुधा वर्षातून एकदा करावी. मध्येच नवी हाडदुखी, पायांवर सूज, लघवीला फेस, धाप, पायांतील ताकद जाणे किंवा लघवी अडणे असे काही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. शेवटची दोन लक्षणे मज्जारज्जूवर दाब आल्याची असू शकतात, आणि अशा रुग्णाला त्याच दिवशी एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.